चित्राखालची सावली

आमच्या मातोश्रींच्या सहस्रचंद्रदर्शनाचें निमित्त साधून घरांतील जुन्या छायाचित्रांची एक लहानशी पुस्तिका काढावी असें ठरलें, आणि तिची मांडणी आमच्या पुतण्यानें संगणकावर केली. पहिला खर्डा हातीं आला तेव्हां प्रत्येक चित्र कागदापासून बोटभर वर तरंगत आहे असा भास झाला. चित्राखालीं सावली घालण्याची हौस त्याला नवीच होती. आणि नव्या हौसेला हात आंखडता घेणें ठाऊक नसतें.

ही सावली होते कशी, तें थोडक्यांत सांगतों. चित्राच्या आकाराचीच एक काळी प्रत त्याच्या खालीं ठेवावयाची, ती किंचित् खालीं व बाजूस सरकवावयाची, तिच्या कडा धूसर करावयाच्या आणि काळेपणा फिका करावयाचा. पूर्वीं संगणकावरही हें एकेक पायरीनें करावें लागे. १९९८ सालीं फोटोशॉपच्या पांचव्या आवृत्तींत तें एका कळीसरशी होऊं लागलें, आणि विनामूल्य मिळणाऱ्या गिंपमध्येंही ही सोय आहे. सोपें झालें म्हणूनच तें बिघडूं लागलें. रात्रीं दिव्यासमोर भिंतीजवळ तळहात धरून पाहावा: सावलीची कड रेखीव दिसते; हात दिव्याकडे नेऊं लागतांच ती विरत जाते. तेव्हां जितकी सावली दूर, तितकी ती धूसर हवी. दूर आणि रेखीव अशी सावली दुकानाच्या पाटीवरील अक्षरांस शोभते, पणजोबांच्या चित्रास नाहीं. काळेपणा शंभरांत तीस पुरे, कारण छापल्यावर तो आणखी गडद होतो. आणि सर्व पानांवर उजेड एकाच बाजूनें आला पाहिजे. व्ही. एस्. रामचंद्रन् या मेंदुशास्त्रज्ञांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असें दिसलें कीं, प्रकाश एकच आहे व तो वरून येतो असें गृहीत धरूनच आपली दृष्टि उठाव ओळखते.

येथवर सारें हातोटीचें काम. परंतु दहाव्या पानावर निराळाच प्रकार होता. १९६८ सालच्या वास्तुशांतीचा तो फोटो. सारी मंडळी अंगणांत ओळीनें उभी, आणि उजव्या टोंकाला आमचे धाकटे काका हंसत उभे! काका जाऊन आतां बारा वर्षें झालीं. पुतण्यानें दुसऱ्या एका फोटोंतून त्यांची आकृति कातरून तेथें बसविली होती आणि पायांखालीं मऊशी सावली घातली होती. सारी किमया त्या सावलीची. ती नसती तर काका वरून चिकटविलेले दिसते. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलें. आम्हांसही क्षणभर बरें वाटलें, हें कबूल करतों. मग ध्यानांत आलें कीं, कलत्या उन्हानें इतरांच्या सावल्या डावीकडे लांबल्या आहेत, काकांची तेवढी उजवीकडे.

"एका मिनिटांत फिरवतों," पुतण्या म्हणाला.

मातोश्रींनीं भिंग मागितलें. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "अरे, भावोजी ह्यांत कोठें होते? दिल्लीहून त्यांची गाडी रखडली. मामंजींनीं फोटोग्राफरला दोन तास थांबवून धरलें, आणि शेवटीं त्यांची जागा मोकळी ठेवून फोटो काढविला. ती जागा तूं बुजविलीस?"

"पण आजी, धाकटे आजोबा ह्यांत असावेत असें तुला वाटत नाहीं का?"

"वाटतें तर! म्हणून तर ती जागा."

मूळ फोटो सुदैवानें त्यानें जपून ठेवला होता. तोच आतां जसाच्या तसा घातला आहे. काकांचें चित्र समोरच्या पानावर स्वतंत्र चौकटींत, चिकटवहींत लावावें तसें बसविलें, आणि सावली घातली ती चौकटीला, काकांच्या पायांना नव्हे. ह्या दोन सावल्यांत आम्हांस फार अंतर वाटतें. चौकटीची सावली एवढेंच सांगते कीं, येथें एक कागद ठेवला आहे. पायांखालची सावली सांगते कीं, हा मनुष्य येथें उभा होता.

पुस्तिका छापखान्यांत गेली आहे. मातोश्रींनीं जातां जातां एक दुरुस्ती मात्र करविली. वास्तुशांतीच्या सुमारास काकांचा चष्मा काळ्या काड्यांचा होता, चौकटींतल्या फोटोंत तो सोनेरी आहे. तेव्हां त्याखालीं १९७५ हें साल आठवणीनें घालावें, असें त्यांनीं सांगितलें, आणि तें घातलें आहे.