वाफसा पाहून तिफण

संगणकशास्त्राची एक शाखा आहे. तिला मराठीत 'पद्धतींची जुळणी' म्हणता येईल. १९९०च्या दशकात युरोपातील विद्यापीठांत ती रुजली. पॅरिस, जिनिव्हा इथल्या प्राध्यापकांनी तिच्यावर पुष्कळ काम केले. तिचे म्हणणे साधे आहे. कोणत्याही कचेरीसाठी संगणकप्रणाली उभारायची, तर एकच छापील रीत सगळीकडे चालत नाही. माहिती कशी गोळा करायची, कोणी पडताळायची, चाचणी कुठे घ्यायची, तक्रार कोणी ऐकायची, या रीतींचे सुटे भाग जपून ठेवावेत आणि नव्या कामाला त्यांतले जुळतील तेवढेच जोडावेत. पुढे या भागांना 'सेवा' म्हणू लागले. कारण आपल्याला काय लागते, आपल्याकडून काय मिळेल आणि आपल्याला कधी बोलवावे, हे प्रत्येक भागावर लिहून ठेवलेले असते. त्यातले 'कधी' फार महत्त्वाचे. आपल्या शेतकऱ्याला ते शिकवावे लागत नाही. कुळव आणि तिफण दोन्ही घरात असतात, पण वाफसा झाल्याशिवाय तिफण कोणी रानात नेत नाही.

जून २०१७ मध्ये राज्य सरकारने दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. शेतकऱ्याने 'आपले सरकार' केंद्रावर ऑनलाइन अर्ज भरायचा, पतिपत्नी दोघांनी अंगठे द्यायचे, बँकांनी ६६ रकान्यांत माहिती पाठवायची आणि संगणकाने दोहोंचा मेळ घालायचा, अशी योजना होती. दिवाळीच्या तोंडावर, १८ ऑक्टोबरला, प्रमाणपत्रे वाटली गेली आणि पाठोपाठ याद्यांतले घोळ बाहेर आले. एकाच आधार क्रमांकापुढे अनेकांची नावे असल्याच्या तक्रारी झाल्या.

सारा दोष तेव्हा संगणकावर गेला. उभी हयात बँकेच्या खतावण्यांत घालवलेल्या माझ्यासारख्याला ते पटत नाही. ऑनलाइन अर्ज वाईट नव्हता, अंगठाही नव्हता. पण ज्याचे कर्ज बँकेच्या वहीत आधीच लिहिलेले आहे, त्याच्याकडून तेच पुन्हा भरून घेण्याचे कारण काय? शिवाय वह्याही सगळ्या सारख्या नसतात. राष्ट्रीयीकृत बँकेचे खाते संगणकात असते; सोसायटीच्या सभासदाचा हिशेब गटसचिवाच्या कपाटात. लातूरची जिल्हा मध्यवर्ती बँक भक्कम. नांदेडची अनेक वर्षे अडचणीत, त्यामुळे तिकडचा शेतकरी ग्रामीण आणि राष्ट्रीयीकृत बँकांच्या दारात. दोन शेजारचे जिल्हे, पण माहिती निघते दोन वेगळ्या विहिरींतून. मुंबईत बसून ६६ रकाने आखणाऱ्याला हे कोणी सांगितले असेल का, कोण जाणे.

डिसेंबर २०१९ मध्ये दोन लाखांची दुसरी योजना आली. सरकार बदलले होते, पण हत्यारे बरीचशी तीच होती: बँकेची माहिती, आधार, सेवा केंद्र. बदलली ती जुळणी. अर्ज गेला. कुटुंबाचा निकष गेला, वैयक्तिक शेतकरी धरला गेला. बँकेने यादी द्यायची, ती गावात लावायची, प्रत्येक खात्याला क्रमांक, मग केंद्रावर अंगठा. आकडा मान्य नसेल तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. त्याहून मला आवडली ती एक छोटी गोष्ट. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी निघाली, ती प्रत्येक जिल्ह्यातल्या दोनच गावांची, एकूण ६८ गावांची. सगळे रान पेरण्याआधी दोन तास टाकून पाहावेत, तसे. तक्रारी पुढेही झाल्याच. नियमित फेड करणाऱ्याला तर अनुदानासाठी बराच काळ ताटकळत राहावे लागले. पण यादीतले नाव शोधायला अर्जाची पावती घेऊन हिंडणे टळले, आणि ज्याने ते हिंडणे पाहिले आहे त्याला त्याची किंमत कळते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्जमाफीसाठी पुन्हा समिती नेमली गेली. पैसा किती आणि कोणाला, यावर वाद होईलच, व्हावा. पण यादी कशी बनणार, हे आधी ठरवायला हवे. सगळे नव्याने आखण्याची हौस आपल्या कचेऱ्यांना मोठी. निदान दोन गावांची ती चाचणी तरी जशीच्या तशी उचलावी, आणि त्यातले एक गाव सोसायटीच्या खातेदारांचे असावे.