ॲडलेडचा 'शोडाउन': निकालापलीकडचा वाद

भारतीय क्रीडारसिकांना ॲडलेड ओव्हल हे मैदान परिचित आहे ते क्रिकेटमुळे. २००३ मध्ये राहुल द्रविडच्या द्विशतकाच्या बळावर भारताने येथे कसोटी जिंकली, तर २०२० मध्ये याच मैदानावर भारताचा दुसरा डाव अवघ्या ३६ धावांत आटोपला. उन्हाळा सरला की या मैदानातील खेळपट्ट्या उचलून बाजूला नेल्या जातात आणि तेथे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे राज्य सुरू होते. त्यानंतरच्या काही महिन्यांत साधारणपणे दोनदा असा आठवडा येतो, की दक्षिण ऑस्ट्रेलियाची ही राजधानी सरळ दोन गटांत विभागली जाते. कचेऱ्या, शाळा, उपाहारगृहे आणि प्रसंगी एकाच घरातील जेवणाचे टेबलही या विभागणीतून सुटत नाही. एका बाजूला 'ॲडलेड क्रोज' आणि दुसऱ्या बाजूला 'पोर्ट ॲडलेड' या संघांचे पाठीराखे असतात. या दोघांमधील सामन्याला 'शोडाउन' असे नाव आहे.

सामन्यापूर्वीच्या या वादांत कोणता खेळाडू जायबंदी आहे, कोणाची आघाडीची फळी भरात आहे, याची चर्चा होतेच. तथापि, ती थोडा वेळ ऐकली तरी वाद लवकरच दुसरीकडे वळत असल्याचे ध्यानात येते. पुढच्या शनिवारी कोण जिंकणार, या प्रश्नावरून सुरू झालेली चर्चा १९९० मध्ये कोणी कोणाचा विश्वासघात केला, या प्रश्नापाशी जाऊन थांबते. शोडाउनचे वेगळेपण यातच आहे.

खेळ आणि साखळी

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे पहिले नियम १८५९ मध्ये मेलबर्न येथे लिहिले गेले. लंबवर्तुळाकार मैदानावर प्रत्येकी १८ खेळाडूंचे दोन संघ लंबगोल चेंडूने हा खेळ खेळतात. चेंडू पायाने मारता येतो, मुठीने टोलवता येतो, मात्र हाताने फेकता येत नाही. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू पलीकडे गेल्यास सहा गुण मिळतात, तर बाजूच्या खांबांमधून गेल्यास एक गुण मिळतो. सामना चार सत्रांत होतो.

हा खेळ दीर्घकाळ राज्याराज्यांच्या स्वतंत्र साखळ्यांमध्ये खेळला जात असे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील संघटना १८७७ मध्ये, तर व्हिक्टोरियातील साखळी १८९६ मध्ये स्थापन झाली. १९८० च्या दशकात व्हिक्टोरियाच्या साखळीने राज्याबाहेर पाय पसरले. १९८२ मध्ये साउथ मेलबर्न हा संघ सिडनीला हलविण्यात आला आणि १९८७ मध्ये पर्थ व ब्रिस्बेन येथील संघ दाखल झाले. १९९० मध्ये या साखळीने 'ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग' म्हणजेच एएफएल असे राष्ट्रीय नाव धारण केले. मात्र दक्षिण ऑस्ट्रेलिया तोवर या साखळीबाहेरच होता.

१९९० मध्ये काय घडले?

राज्यातील दहा क्लबांची सामूहिक भूमिका तूर्त राष्ट्रीय साखळीत न जाण्याची होती. घाईने गेल्यास आपली शंभर वर्षांची स्थानिक स्पर्धा कोलमडेल, अशी भीती त्यामागे होती. पोर्ट ॲडलेड हा या दहांतील सर्वांत यशस्वी क्लब. १८७० मध्ये बंदराच्या वस्तीत स्थापन झालेला आणि गोदी कामगारांच्या पाठबळावर वाढलेला हा क्लब स्थानिक विजेतेपदे जिंकण्यात इतरांच्या पुढे होता. १९९० च्या मध्यास पोर्टने एएफएलशी स्वतंत्रपणे बोलणी केल्याचे उघड झाले आणि राज्यात खळबळ माजली. प्रतिस्पर्धी क्लबांनी न्यायालयात धाव घेऊन मनाई हुकूम मिळविला. त्याच सुमारास राज्य संघटनेने घाईघाईने स्वतःचा प्रस्ताव पुढे केला. एका क्लबाऐवजी सबंध राज्याचा मिळून एक नवा संघ द्यावा, असा तो प्रस्ताव होता आणि एएफएलने तोच स्वीकारला.

अशा रीतीने ॲडलेड क्रोज या संघाचा जन्म झाला. राज्याचे गडद निळा, लाल आणि सोनेरी हे तीन रंग त्याच्या जर्सीवर आले. मार्च १९९१ मध्ये पहिल्याच सामन्यात या संघाने बलाढ्य हॉथॉर्नचा ८६ गुणांनी पराभव केला आणि एका रात्रीत तो राज्याचा लाडका संघ झाला. पोर्टला मात्र आणखी सहा वर्षे प्रतीक्षा करावी लागली. १९९४ च्या अखेरीस राज्याच्या दुसऱ्या संघासाठी पोर्टची निवड झाली खरी, परंतु साखळीत जागा रिकामी झाली ती १९९६ मध्ये मेलबर्नच्या फिट्झरॉय क्लबाचे ब्रिस्बेनच्या संघात विलीनीकरण झाल्यानंतरच. २० एप्रिल १९९७ रोजी पहिला शोडाउन खेळला गेला आणि पोर्टने तो ११ गुणांनी जिंकला. त्याच वर्षीचे राष्ट्रीय विजेतेपद मात्र क्रोजने पटकावले आणि १९९८ मध्ये ते राखलेही. पोर्टला हा मान २००४ मध्ये मिळाला.

पुढे उभय बाजूंचे पाठीराखे जे बोलतात, त्याचे मूळ या घटनाक्रमात आहे. क्रोजच्या पाठीराख्यांच्या मते, सर्वांनी मिळून दिलेला शब्द पोर्टने मोडला आणि स्वतःच्या लाभासाठी इतर नऊ क्लबांना वाऱ्यावर सोडले. पोर्टच्या पाठीराख्यांचे म्हणणे नेमके उलट आहे. पोर्टने पुढाकार घेतला नसता तर राज्य संघटना जागीच बसून राहिली असती, हक्काची जागा पोर्टची होती आणि ती अडवण्यासाठीच क्रोजची निर्मिती झाली, असे ते मानतात. या दोन्ही कथनांत तथ्यांश आहे. पोर्टने सामूहिक भूमिका सोडली, हे खरे आहे. पोर्टच्या हालचालींमुळेच क्रोज अस्तित्वात आला, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही संघांचे अस्तित्व एकमेकांमुळे घडले असल्याने कोणालाही दुसऱ्याला वगळून आपला इतिहास सांगता येत नाही.

कोलकात्यातील मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यातील चुरस भारतीय वाचकांना ठाऊक आहे. तेथील वादाला पश्चिम आणि पूर्व बंगालच्या लोकांमधील भेदाची पार्श्वभूमी आहे. ॲडलेडमध्येही बंदराकडची कामगार वस्ती विरुद्ध सुखवस्तू उपनगरे असे चित्र रंगविले जाते आणि परस्परांना टोमणेही त्याच धर्तीचे मारले जातात. परंतु तेथील दुराव्याचे मूळ समाजभेदापेक्षा एका व्यवहारात अधिक आहे.

जर्सीचा प्रश्न

या वादाचे सर्वांत ठळक रूप पोर्टच्या जर्सीच्या प्रश्नात दिसून आले. पोर्टचे मूळचे किरमिजी-निळे रंग टिकाऊ नसल्याने १९०२ मध्ये क्लबाने काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची जर्सी स्वीकारली. तुरुंगाच्या गजांसारख्या दिसणाऱ्या या पट्ट्यांमुळे तिला 'प्रिझन बार' हे नाव पडले. तथापि, राष्ट्रीय साखळीत मेलबर्नचा कॉलिंगवूड हा क्लब १८९२ पासून काळे-पांढरे पट्टे वापरत होता आणि दोन्ही क्लबांचे टोपणनाव 'मॅगपाय' या काळ्या-पांढऱ्या पक्ष्यावरूनच आलेले होते. त्यामुळे १९९७ मध्ये प्रवेश करताना पोर्टला नवे टोपणनाव आणि नवे रंग घ्यावे लागले. हा संघ 'पॉवर' झाला आणि काळ्या-पांढऱ्यात हिरवट निळ्या रंगाची भर पडली.

स्थापनेची दीडशे वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त २०२० मध्ये शोडाउनसाठी जुनी जर्सी वापरण्यास पोर्टला परवानगी मिळाली. पुढील वर्षी ती नाकारण्यात आली. तेव्हा शोडाउन जिंकल्यानंतर पोर्टच्या खेळाडूंनी कपडे बदलण्याच्या खोलीत जुन्या जर्सी अंगावर चढवून विजयगीत गायले. अखेर २०२३ मध्ये शोडाउनपुरता हा तिढा सुटला आणि जुने पट्टे पुन्हा मैदानावर दिसू लागले.

बाहेरच्या निरीक्षकास हा हट्ट क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु जर्सीच्या आडून एक मूलभूत प्रश्न विचारला जात होता. पोर्ट हा १८७० चा क्लब आहे, की १९९७ चा? स्थानिक साखळीतील ३६ विजेतेपदे त्याने आपल्या नावावर सांगावीत, की राष्ट्रीय साखळीतील केवळ एक? क्रोजचे पाठीराखे एका मुद्द्यावर बोट ठेवतात. १९९७ नंतर स्थानिक साखळीत खेळणारा पोर्टचा जुना संघ आणि राष्ट्रीय साखळीतील नवा संघ या दोन स्वतंत्र संस्था होत्या. त्या एकत्र आल्या २०१० मध्ये. पोर्टचे पाठीराखे ही अट बाहेरून लादलेली असल्याचे सांगतात आणि अटीमुळे वारसा पुसला जात नाही, असे उत्तर देतात. त्यांच्या दृष्टीने ती जर्सी म्हणजे वारशाचा दाखलाच होय.

भाकितांना मर्यादा

अशा पार्श्वभूमीवर संघांच्या चालू कामगिरीवरून बांधलेली भाकिते फारशी टिकत नाहीत, याचे आश्चर्य वाटू नये. २०२२ च्या पहिल्या शोडाउनमध्ये शेवटचा भोंगा वाजला तेव्हा क्रोज दोन गुणांनी पिछाडीवर होता. मात्र चेंडू त्याच्या जॉर्डन डॉसनच्या हाती होता. भोंग्यानंतर मारलेल्या त्याच्या लाथेने सहा गुण मिळाले आणि क्रोजने चार गुणांनी विजय मिळविला. २००५ च्या बाद फेरीतील सामना मात्र क्रोजने ८३ गुणांनी एकतर्फी जिंकला होता. त्या वेळी पोर्ट हा आदल्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता होता. म्हणूनच सामन्यापूर्वी आकडेवारी मांडणारा आणि ती धुडकावणारा, असे दोघेही आपापल्या जागी बरोबर ठरतात.

या चर्चेत एक तिसरा स्वरही आहे आणि तो फारसा ऐकू येत नाही. नॉरवूड, ग्लेनेल्ग, स्टर्ट यांसारख्या जुन्या स्थानिक क्लबांच्या पाठीराख्यांचा हा स्वर होय. राष्ट्रीय साखळी आल्यावर गर्दी, पैसा आणि उत्तम खेळाडू तिकडे गेले. २०१४ मध्ये दोन्ही बड्या क्लबांचे राखीव संघ स्थानिक स्पर्धेत उतरू लागले. एकेकाळच्या राज्यातील सर्वोच्च स्पर्धेत आता राखीव खेळाडूंचा सराव होतो, ही या मंडळींची खंत आहे. १९९० मध्ये नऊ क्लबांना वाटलेली भीती पूर्णतः निराधार नव्हती, असेच यावरून म्हणावे लागेल.

वैराची सीमा

या वैराला सीमा आहे का, याचे उत्तर दोन घटनांमधून मिळते. जुलै २०१५ मध्ये क्रोजचे प्रशिक्षक फिल वॉल्श यांचा राहत्या घरी चाकूहल्ल्यात मृत्यू झाला. त्यापूर्वी वॉल्श अनेक वर्षे पोर्टचे साहाय्यक प्रशिक्षक होते आणि २००४ च्या विजेतेपदात त्यांचाही वाटा होता. दोन्ही क्लबांचा माणूस गेला होता. त्या दुर्घटनेनंतर ॲडलेड ओव्हलवर क्रोजचा पहिला सामना झाला तो शोडाउनच. क्रोजने तो तीन गुणांनी जिंकला, परंतु त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांनी एकत्रितपणे शोक व्यक्त केला.

त्याच्या पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१६ मधील शोडाउनमध्ये, क्रोजचा आदिवासी खेळाडू एडी बेट्स याच्या दिशेने पोर्टच्या एका समर्थक महिलेने केळे भिरकावले. या कृत्यामागील वांशिक अवमान उघड होता. पोर्टने त्या महिलेवर बंदी घातली आणि खेळाडूची जाहीर माफी मागितली. वैर आणि द्वेष यांतील रेषा पुसट होऊ शकते, याची जाणीव या प्रसंगाने सर्वांना करून दिली. १९९० वरून कितीही भांडावे, परंतु माणसाच्या वर्णावरून नव्हे, ही मर्यादा त्यानंतर अधिक स्पष्टपणे बोलून दाखविली जाऊ लागली.

ॲडलेडमधील हा वाद केवळ त्या शहरापुरता राहिलेला नाही. २०२३ मध्ये एएफएलने टास्मानिया राज्याला १९ व्या संघाचा परवाना दिला असून, या संघाचा प्रवेश २०२८ च्या हंगामासाठी नियोजित आहे. जुन्या स्थानिक क्लबांपैकी एखाद्याला बढती न देता सबंध राज्याचा मिळून नवा संघ उभारण्याचा मार्ग तेथेही निवडण्यात आला आहे. क्रोजची निर्मिती याच पद्धतीने झाली होती. ही पद्धत राज्याला एकत्र आणते, पण जुन्या क्लबांच्या वारशाचे काय करायचे, हा प्रश्न मागे ठेवते. ॲडलेडमध्ये पहिल्या शोडाउननंतर पाव शतक लोटल्यावर त्याचे केवळ अंशतः उत्तर मिळाले, तेही एका जर्सीपुरते. पुढील शोडाउनचा निकाल काहीही लागला, तरी त्यानंतरच्या सोमवारी त्या शहरातील कचेऱ्यांमध्ये १९९० चा विषय पुन्हा निघेल, एवढे मात्र निश्चितपणे म्हणता येईल.