चिनी वाचन म्हणजे चित्रदर्शन नव्हे

चिनी वाचक अक्षरे चित्रांसारखी केवळ उजव्या मेंदूने ओळखतात, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे विधान पटणारे नाही. चिनी असो वा रोमन, लिखित शब्द ओळखताना मुख्यतः डाव्या मेंदूच्या तळाचा तोच भाग काम करतो. बहुतेक चिनी अक्षरांत उच्चार सुचवणारा घटकही असतो.

देवनागरी वाचतानाही नजर आणि उच्चार यांचा मेळ घालावा लागतो: ‘किनारा’मधली वेलांटी आधी दिसते, उच्चारात नंतर येते. हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राला देवनागरी वाचताना मेंदूचे दोन्ही गोलार्ध सक्रिय आढळले.

वाचन उच्चाराशी जोडलेले असल्याने घरची बोलीही महत्त्वाची ठरते. मालवणचे मूल घरी ‘माका’ ऐकते, पुस्तकात ‘मला’ वाचते. शिक्षकांनी घरचा शब्द चुकीचा ठरवू नये. त्याच्याच आधाराने वाचन शिकवावे.

— एक वाचक, मालवण (जि. सिंधुदुर्ग)