मुक्त प्रोग्रामर आणि त्याचे गाव

आपल्या भागात 'नोकरी' म्हटले की तीनच चित्रे डोळ्यांपुढे येतात. शिरगाव-सातपाटीच्या मुलाने पालघर स्टेशनवर सकाळची गाडी पकडून मुंबई गाठावी; नाहीतर बोईसरला जाऊन तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराच्या हजेरीपटावर नाव लावावे; आणि नशीब फारच बलवत्तर असेल तर सरकारी कचेरीत चिकटावे. या तिन्ही वाटांखेरीज गेल्या काही वर्षांत एक चौथी वाट तयार झाली आहे. कोणाचाही कायमचा नोकर न होता, कामागणिक मोबदला ठरवून संगणकाचे प्रोग्राम लिहून देणारा फ्रीलान्स, म्हणजे मुक्त प्रोग्रामर, हा त्या वाटेवरचा प्रवासी.

या माणसाविषयी आपल्यात दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, तो स्वतःच्या मर्जीचा राजा! कोणी म्हणतो, छे, बेकारीलाच दिलेले हे गोंडस इंग्रजी नाव! मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात, कारण दोन्हींत तो एकटा धरलेला आहे. वस्तुतः तो एकटा नसतोच.

सातपाटीचा नाखवा पाहा. होडी त्याची, जाळे त्याचे, समुद्रावरची जोखीमही त्याचीच. परंतु बर्फ, डिझेल आणि मासळीची विक्री यांसाठी त्याला मच्छीमारांची सहकारी सोसायटी लागते. किनाऱ्यावर सोसायटी उभी आहे म्हणूनच होडी निर्धास्तपणे खोल पाण्यात जाते. मुक्त प्रोग्रामरचेही तसेच आहे. तो ज्या हत्यारांनी काम करतो, त्यांतली बहुतेक त्याने विकत घेतलेली नसतात. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. प्रोग्राम वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे आणि दुसऱ्याला देण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असावे, हा त्यामागचा विचार. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा आरंभ केला. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली आणि आज आपल्या हातातला अँड्रॉइड मोबाईलदेखील लिनक्सच्याच पायावर चालतो. गाव करी ते राव न करी, ही आपली म्हण इतकी तंतोतंत खरी ठरल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

कोणी विचारील, सगळेच फुकट वाटले तर पोट कशावर भरायचे? याचे उत्तर मुंबईतच मिळते. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या 'फ्रॅपे' या कंपनीने 'ईआरपीनेक्स्ट' नावाचा प्रोग्राम तयार केला. कारखान्याचा कच्चा माल, साठा, खरेदी-विक्री आणि हिशेब एका जागी ठेवणारा हा प्रोग्राम सर्वांना खुला आहे. मात्र एखाद्या कारखान्याची गरज समजून घेणे, त्याप्रमाणे प्रोग्राम जुळवणे, जुन्या वह्यांतील नोंदी त्यात चढवणे आणि कामगारांना तो शिकवणे, ही कामे आपोआप होत नाहीत. ती करून देणारे लोक त्याचाच मोबदला घेतात. कायद्याचे पुस्तक कोणालाही वाचता येते, म्हणून वकिलाची फी बुडते काय? बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात लहानमोठे कारखाने शेकड्यांनी आहेत. त्यांच्या हिशेबाची अडचण पुण्या-बंगळुरूच्या माणसापेक्षा इथल्या मुलाला अधिक चांगली कळणार नाही काय?

या समाजाचा आणखी एक गुण आपल्यासारख्यांना विशेष मोलाचा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा आपणच चढलो. शिफारस करणारा काका कोणत्याही कचेरीत बसलेला नाही. खुल्या प्रकल्पात मात्र कोणी कोणती चूक दुरुस्त केली, कोणाच्या शंकेला कसे उत्तर दिले, याची नोंद सर्वांसमोर राहते. तिथे आडनाव किंवा वशिला यांपेक्षा केलेले काम आधी दिसते. मुक्त प्रोग्रामरला पुढचे काम पुष्कळदा या ओळखीतूनच मिळते.

परंतु एवढ्यावर टाळ्या वाजवून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. सोसायटीची उपमा एका जागी तुटते, आणि नेमके तिथेच दुखणे आहे. सोसायटीला सभासद असतात, भाग असतात, नियम असतात. नफ्यातोट्याचा हिशेब सभेत विचारता येतो. प्रोग्रामरांच्या या जगात मोठमोठ्या कंपन्या फुकटच्या कामावर इमले उभारतात आणि पायाचा दगड रचणारा उपाशी आहे की थकला आहे, याची चौकशी करीत नाहीत. माहिती दाबून लहान करणारे 'एक्सझेड' नावाचे एक साधन असंख्य लिनक्स यंत्रांत आहे. ते मुख्यतः एकच स्वयंसेवक सांभाळीत होता. मदतीच्या मिषाने कोणीतरी टोपणनावाने त्याच्या जवळ आले, दोनएक वर्षे काम करून विश्वास संपादला आणि मग त्या साधनात चोरवाट बसवली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद उशीर लागतो आहे असे जाणवले, त्याने खणून पाहिले आणि अनर्थ टळला. अर्ध्या सेकंदाच्या जागरूकतेवर जगाने किती काळ विसंबून राहायचे?

शिवाय फुकट काम करून नाव कमवायला आधी वेळ असावा लागतो. ज्याला कॉलेज सुटल्यावर दुकानात उभे राहायचे आहे, त्याने रात्री कोणत्या प्रकल्पाला हातभार लावायचा? मुक्त प्रोग्रामरला मालकाच्या हिश्शाचा भविष्यनिर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही. गिऱ्हाइकाने पैसे थकवले तर त्याच्यामागे उभी राहणारी युनियनही नाही. म्हणून माझे मत असे की, मुक्त व्यवसायाचा गौरव करताना त्याच्या संघटनेचा प्रश्न टाळता कामा नये. कामाआधी लेखी करार, आगाऊ रकमेची प्रथा आणि अडीअडचणीला एकमेकांचा आधार, एवढे तरी या समाजाने स्वतःहून रूढ करावे. आणि ज्या कंपन्या खुल्या प्रोग्रामवर पैसा मिळवतात, त्यांनी त्यातला वाटा सांभाळकर्त्यांपर्यंत पोचवावा. ते दान नव्हे, देणे आहे.

आता प्रश्न उरतो, कला शाखेच्या वार्षिकात ही चर्चा कशाला? याचे उत्तर एका अक्षरात देता येते. जगातील लिप्या संगणकावर आणणाऱ्या 'युनिकोड' संकेतात देवनागरी १९९१ पासून आहे. परंतु 'ॲसिड'मधला आपला 'ॲ' स्वतंत्र अक्षर म्हणून त्यात आला तो २००८ मध्ये! हिंदीचे त्यावाचून अडत नव्हते, अडत होते मराठीचे. अशी उणीव दाखवायला गणिताआधी मराठी यावी लागते. प्रोग्रामवरील सूचनांचे सोपे मराठी करणे, शब्द ठरवणे, नवख्यासाठी माहितीपुस्तिका लिहिणे ही कामे खुल्या प्रकल्पांत नेहमीच शिल्लक असतात, आणि ती आपल्या विषयांतली आहेत. मराठी, इंग्रजी आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्यात मार्गदर्शन केले तर ती उत्तम रीतीने होतील.

म्हणून एक साधी सूचना करतो. महिन्यातून एका शनिवारी आपल्या महाविद्यालयाची संगणकाची खोली दोन तास सर्व शाखांना खुली असावी. ज्याच्याकडे यंत्र नाही त्याला तिथे बसता यावे, ज्याला येते त्याने दुसऱ्याला शिकवावे, आणि परिसरात हे काम करणाऱ्यांना बोलावून मिळकतीचा आणि अडचणींचा खरा हिशेब ऐकावा. तो ऐकून ज्याला नोकरी बरी वाटेल त्याने खुशाल नोकरी करावी. पण चौथी वाट आहे हे माहीत नसल्यामुळे तीनच वाटांवर गर्दी करण्याची पाळी आपल्यानंतरच्या मुलांवर येऊ नये.