प्रेमकथेतली निरगाठ

ना. सी. फडक्यांचे नाव निघाले की नाक मुरडणे ही आपल्याकडे विद्वत्तेची खूणच होऊन बसली आहे. प्रेम लिहिले म्हणून माणूस उथळ! पण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने 'प्रतिभासाधन' (१९३१) लिहून ठणकावून सांगितले, की कथा नुसत्या उमाळ्याने होत नाही, ती रचावी लागते. गुंतागुंत, निरगाठ, उकल. आणि कलेने आनंद द्यावा, उपदेश नव्हे. खांडेकरांच्या पक्षाने त्यांच्याशी कितीही वाद घातला असो, प्रेमकथा हे कसबाचे काम आहे हे मला आजही पटते.

माझे भांडण आहे ते त्यांच्या वारसदारांशी. त्यांनी फडक्यांचा सुखवस्तू नायक तेवढा उचलला आणि निरगाठ टाकून दिली. बेळगाव, निपाणी, खानापूरकडचे आमचे कथालेखकच पाहा. त्यांचे प्रेमिक सदाशिव पेठेतली मराठी बोलतात! अहो, इथे मराठी घरात कानडी सून येते, कानडी घरात मराठी लेक जाते. लग्नपत्रिका कोणत्या लिपीत छापायची यावर दोन्हीकडचे वडीलधारे अडून बसतात. पुढे मुलाने 'आई' म्हणायचे की 'अव्वा'? सीमाप्रश्नाच्या मोर्चात पुढे असणारे आजोबा, नातवाचे नाव कानडी शाळेत घातले त्या दिवशी जेवत नाहीत. एवढी जिवंत निरगाठ उंबऱ्यात पडलेली असताना आमचा लेखक जोडप्याला महाबळेश्वरला धाडतो. तिथे धुके असते, तिचा पाय घसरतो आणि तो तिला सावरतो.