काचेआडचा चालक

वसई किल्ल्याशेजारच्या पाचूबंदर कोळीवाड्यात घराची पायरी उतरली की पाऊल थेट रस्त्यावर पडते. टोपली घेऊन निघालेली बाई, सायकलवरचा पोरगा आणि समोरून आलेली गाडी, यांत आधी कोणी जायचे हे इथे कुठलाही सिग्नल ठरवत नाही. ते नजरेने ठरते. चालकाने मान हलवली की बाई पाऊल टाकते. रविवारी किल्ला पाहायला आलेल्यांच्या गाड्या इकडे वळतात तेव्हा हे मी पुष्कळदा पाहिले आहे. गाडीच्या काचा काळ्या असल्या की मात्र बाई थबकते. आतला माणूस आपल्याकडे पाहतो आहे की मोबाइलकडे, हे तिला कळणार कसे?

काळ्या काचांची चर्चा आपल्याकडे बहुधा गुन्ह्यांच्याच अंगाने होते. ते स्वाभाविकही आहे. अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला आणि ४ मेपासून काचांवर कोणतीही काळी फिल्म चिकटवण्यास देशभर बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीत ज्या बसमध्ये ते अमानुष कृत्य घडले, तिला काळ्या काचा होत्या आणि पडदेही होते. आदेश निघून आठ महिनेसुद्धा झाले नव्हते.

अमेरिकेत या बाबतीत प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. कॅलिफोर्नियात पुढच्या बाजूच्या काचांतून ७० टक्के प्रकाश आत यावा लागतो, टेक्सासात २५ टक्के पुरतो. आपल्याकडेही राज्याने स्वतःचा कडक कायदा करावा, अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सुरक्षा काचांबाबत नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे ठेवला आहे. १९८९ च्या केंद्रीय नियमांतला शंभरावा नियम सांगतो, की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे. म्हणजे नियम आहे, आणि माझ्या मते आकडेही वाजवी आहेत. राज्याच्या हाती आहे ती अंमलबजावणी, आणि घोडे पेंड खाते ते तिथेच.

२०१२ चा आदेश हवालदाराला सोपा होता. काचेला नख लावून पाहायचे. फिल्म असली की गुन्हा. १ एप्रिल २०२१ पासून सुधारित नियमाने ठरावीक मानकाच्या फिल्मसह असलेल्या काचेला वाट मोकळी केली. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने टक्केवारी पाळणाऱ्या फिल्मसाठी दंड करता येणार नाही, असे म्हटले. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, पण गाडीमालक तो मोबाइलवर काढून दाखवणारच. यात गैर काही नाही. एप्रिलच्या उन्हात मागच्या सीटवर तान्हे मूल असेल तर आईबापांनी काय करावे? उन्हातली जवळजवळ निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते आणि ते अडवणाऱ्या जवळपास पारदर्शक फिल्म मिळतात. गारव्यासाठी अंधार करावा लागत नाही. (दुकानदार हे आपण होऊन सांगत नाही, कारण गिऱ्हाइकाला पुष्कळदा गारव्यापेक्षा रुबाब हवा असतो.)

आता प्रश्न टक्केवारीचा आहे, आणि टक्के नखाने मोजता येत नाहीत. समजा, बाजूच्या मूळ काचेतून ७० टक्के प्रकाश येतो आणि तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म लावली. दुकानदार म्हणेल, सत्तर म्हणजे कायद्यात बसते. प्रत्यक्षात सत्तराचे सत्तर टक्के म्हणजे ४९. गाडी नियमाबाहेर गेली! हा एका टक्क्याचा फरक ना मालकाला दिसतो, ना पोलिसाला. ई-चलानासाठी मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात तर तो दिसणे शक्यच नाही. त्यामुळे मोजमापाशिवाय केलेला दंड हा पोलिसाच्या मर्जीचा दंड ठरतो, आणि मर्जी कुठे चालते व कुठे चालत नाही हे आपण सारे जाणतो. झेड आणि झेड प्लस सुरक्षेच्या व्यक्तींनाच, तेही समितीच्या परवानगीने, न्यायालयाने सवलत ठेवली होती. पक्षाचा झेंडा लावलेल्या प्रत्येक गाडीला ती लागू नाही.

खासगी मोटारीला पहिल्या नोंदणीनंतर पंधरा वर्षे आरटीओकडे तपासणीला जावे लागत नाही. तेव्हा तपासणी व्हायची ती रस्त्यावरच. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो फेरी सुरू झाल्यापासून किल्ल्याच्या बाजूला बाहेरच्या गाड्याही उतरू लागल्या आहेत. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाने निदान जेट्टीवर आणि किल्ल्याच्या रस्त्यावर प्रकाश मोजणारे एकेक यंत्र ठेवावे, आणि दंडाच्या पावतीवर कलमाबरोबर मोजलेला आकडाही छापावा.