जुन्या तहसीलच्या आवारातले चित्रबलाक

या आठवड्यात टेंभुर्णीत जो भेटला त्यानं मला एकच चित्रफीत दाखवली. उजनीच्या उथळ पाण्यात रोहितांचा मोठा थवा चरतो आहे. एक होडी इंजिन चालू ठेवून सरळ त्यांच्या अंगावर जाते. पक्षी पाण्यावरून धावत सुटतात, मग एकदम उठतात आणि अख्खा पडदा गुलाबी होतो. मागून टाळ्या, शिट्ट्या. दाखवणाऱ्याच्या चेहऱ्यावर कौतुक, "बघा, आपल्या उजनीचं किती नाव झालं!" मला ते पाहून संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही.

थंडीच्या सुरुवातीला याच सदरात होडीच्या इंजिनांच्या त्रासाबद्दल लिहिलं होतं. तेव्हा भिगवणकडच्या एका वाचकानं कळवलं होतं की सगळा दोष नावाड्यांच्या माथी मारू नका. त्या वाचकाचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. कुंभारगावचे कितीतरी नावाडी थव्यापासून चांगल्या अंतरावर इंजिन बंद करतात आणि बांबूनं रेटत होडी पुढे नेतात. पाण्यावर वाढलेल्या माणसाला पाखराचा अंदाज असतो. थव्यातल्या माना वर झाल्या की तो थांबतो. "जरा उडवा की" हे शब्द मागच्या फळीवर बसलेल्या, मोठी लेन्स घेऊन आलेल्या पाहुण्याचे असतात. नावाड्याला दिवसाच्या फेऱ्यांवर घर चालवायचं असतं. तो किती वेळा नाही म्हणणार?

उडवण्यानं काय बिघडतं, असा प्रश्न मला तावातावानं विचारला जातो. रोहित चोच उलटी करून चिखलपाणी गाळतो आणि त्यातून मिळेल ते बारीक अन्न खातो. अशा खाण्याला वेळ लागतो. शेतीला पाणी सुटत जातं तशी उजनीची पातळी उतरते, काठाचा गाळ उघडा पडतो आणि त्या पट्ट्यात त्याला चरायला मिळतं. या पक्ष्याला जागच्या जागी उडता येत नाही, पाण्यावरून धावत वेग घ्यावा लागतो. म्हणजे प्रत्येक उड्डाणात त्यानं खाऊन कमावलेलं जातं आणि पुढचं खाणंही थांबतं. सकाळपासून एकामागून एक होड्या आल्या तर त्याला चरायला कितीसा वेळ उरतो? 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीच्या व्याख्येत प्राण्यापक्ष्यांना हाकणं आणि पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं यांचाही समावेश केला आहे. हातात बंदूक नाही एवढ्यावर कोणी स्वतःला निर्दोष समजू नये.

पण आज मला कायद्यापेक्षा इंदापूरबद्दल लिहायचं आहे.

आपल्याकडून पुण्याच्या रस्त्याला लागलं, भीमेचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात इंदापूर येतं. तिथल्या जुन्या तहसील कचेरीच्या आवारात चिंचेची जुनी, उंच झाडं आहेत आणि त्या झाडांवर चित्रबलाकांची वसाहत आहे. आपल्या भागातल्या बहुतेकांना ती ठाऊक आहे, पण मुद्दाम पाहायला म्हणून फारच थोडे थांबतात. वर्षानुवर्षं त्या चिंचांखालून माणसं सातबारा, फेरफार, दाखले असली कामं घेऊन गेली. खाली स्टॅम्पपेपर, चहा, तारखा, भाऊबंदकीची भांडणं, आणि वर काटक्यांच्या मोठमोठ्या घरट्यांत पिल्लांचा कलकलाट. पांढऱ्या अंगावर काळे पट्टे, शेपटीजवळ गुलाबी पिसं, पिवळी लांब चोच, शेंदरी चेहरा असा हा तीन-साडेतीन फूट उंचीचा देखणा पक्षी माणसाच्या डोक्यावर संसार थाटतो आणि खालच्या गर्दीकडे ढुंकूनही पाहत नाही.

उन्हाळ्यात दुपारी तिथे थोडा वेळ उभं राहून बघा. आईबापांपैकी एक जण पंख अर्धे पसरून पिल्लांवर सावली धरतो. दुसरा उजनीकडून येतो आणि गिळून आणलेले मासे घरट्यात ओकतो. त्यात आपल्या बाजारात मिळणारी चिलापीही असते. वळवाचा वारा सुटला की फांद्या हेलकावतात, एखादं पिल्लू खाली पडतं. मोठे पक्षी जवळजवळ मुकेच, फार तर चोच वाजवतात. आरडाओरडा सगळा पिल्लांचा. पक्ष्याच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ असा भर गावात, उघड्यावर चाललेला असतो, आणि तो पाहायला होडी, तिकीट, वाटाड्या काही लागत नाही.

आता हाच पक्षी उजनीच्या गाळात पाहा. चोच अर्धवट उघडून पाण्यात धरायची, पायानं गाळ ढवळायचा, मासा चोचीला लागला की मिटायची, अशी त्याची मासेमारी चाललेली असते. होडीचा आवाज जवळ आला की तो उठतो आणि लांब जाऊन बसतो. सकाळी गाळातून उडालेला तोच चित्रबलाक तासाभरानं इंदापुरात मोटारसायकलींच्या भोंग्यांवर, कोंडाळं करून बोलणाऱ्या माणसांवर निवांत बसलेला असतो. जातीचा स्वभाव भित्रा असता तर दोन्हीकडे भित्रा दिसला असता. फरक जागेचा आहे, आणि त्या जागेवर माणसं त्याच्याशी कशी वागत आली याचा आहे. इंदापूरच्या माणसांनी त्याला पिढ्यान् पिढ्या हाकललं नाही, घाण पडते म्हणून झाडं तोडली नाहीत, त्यामुळे पक्ष्यानं त्यांना जवळ येऊ दिलं. उजनीत आपण दर शनिवार-रविवारी त्याला पळवतो, म्हणून तो पळायला शिकतो. गेल्या काही वर्षांत निसर्गाबद्दल मी जे वाचलं, ऐकलं, त्यात या एका तुलनेइतकं पटलेलं दुसरं काही नाही.

छायाचित्रकारांना हे सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं: इंदापूरला फोटो चांगले येत नाहीत, मागे इमारत येते, तारा येतात, फांद्या पांढऱ्या झालेल्या असतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. इमारत येऊ द्या, तारा येऊ द्या, खाली थांबलेली म्हातारी माणसं येऊ द्या. मोकळ्या आभाळातला चित्रबलाक कुठेही काढता येईल. कौलाच्या वर पिल्लाला भरवणारा चित्रबलाक आपल्याकडचा आहे. एकच घरटं समोर धरून त्याच जागेवरून, त्याच वेळी, काटक्या जमवण्यापासून पिल्लू उडेपर्यंत फोटो काढत राहा. हंगाम संपेल तेव्हा तुमच्या हाती अभ्यासकाला उपयोगी पडेल अशी नोंद असेल. फक्त फ्लॅश नको, ड्रोन तर मुळीच नको आणि गच्चीवर चढून घरट्याच्या बरोबरीला जाणंही नको.

घराजवळच्या अशा नोंदींना कोणी हलकं समजू नये. 2023चा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरचा अहवाल सुमारे 30 हजार पक्षीनिरीक्षकांनी दिलेल्या 3 कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे. त्या बहुतांश हौशी माणसांनी आपापल्या परिसरात फिरून केलेल्या आहेत. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातल्या नोकरीत आयुष्यभर रोजच्या रोज टिपणं ठेवली, म्हणून मराठीला रानाचं एवढं मोठं भांडार मिळालं. ते आपल्या सोलापूरचे, आणि 18 जून 2025 रोजी सोलापुरातच गेले. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सालिम अलींचा 12 नोव्हेंबर, या दोन तारखांच्या मध्ये राज्यात पक्षी सप्ताह होतो. शाळांनी त्या सप्ताहात भिंतीवर पोस्टर लावण्यापेक्षा मुलांना कालव्याच्या कडेनं चालवत न्यावं.

घराजवळच्या नोंदी न ठेवल्यानं काय होतं, ते माळांकडे पाहून कळतं.  1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, ते मूळचं 8,496 चौरस किलोमीटरचं होतं आणि त्यात आपला माढा तालुकाही होता. पुढे ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आलं. त्या अभयारण्यातल्या नान्नजच्या माळढोकांकडे सत्तरच्या दशकात लक्ष वेधलं ते सोलापूरच्याच बी. एस. कुलकर्णी यांनी, म्हणजे घराजवळचा माळ पाहणाऱ्या माणसानं. आज नान्नजला माळढोक दिसणं ही बातमी होते. मधल्या काळात आपण माळांना पडीक म्हटलं आणि त्यांवर खड्डे खणले. राज्याच्या वृक्षलागवडीचं उद्दिष्ट 2016 साली 2 कोटी, 2017 साली 4 कोटी, 2018 साली 13 कोटी, 2019 साली 33 कोटी असं वाढत गेलं. एवढ्या रोपांना मोकळी जमीन हवी आणि मोकळी जमीन म्हटली की माळ नजरेत भरतो. झाडांशी माझं वैर नाही. आजचा अर्धा लेख चिंचेवरच आहे. पण चिंच गावात, आवारात, बांधावर शोभते. धाविक, चंडोल, खोकड, लांडगा यांना उघडं गवत लागतं. तिथे गिरिपुष्प लावणं म्हणजे त्यांना घराबाहेर काढणं आहे.

माढ्याच्या माळांचे फोटो लोकांनी वेळेवर काढून ठेवले असते, तर त्यांना पडीक ठरवणं इतकं सोपं गेलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं. शेजारच्या इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला वनविभागानं 2024 साली गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. आता पुण्याची माणसं पैसे भरून लांडगा आणि चिंकारा पाहायला येतात.  आणि आपली मुलं मात्र ताडोब्याची सहल मागतात, पाचशेहून अधिक किलोमीटरवरची! वाघ जरूर पाहावा. पण ज्या पोरानं उसाच्या सरीत नांगरामागे चालणारे बगळे, विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी, विजेच्या तारेवरचा नीलपंख, ढेकळांत अंडी घालून माणसावर ओरडत येणारी टिटवी नीट पाहिली नाही, त्याला ताडोब्यात जिप्सीतून काय दिसणार?

शेवटी पुन्हा उजनीकडे. दोन कामं आहेत. ती चित्रफीत आली तर पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला फोन करून सांगा की यात कौतुकाचं काही नाही, कारण टाळ्या मिळतात म्हणूनच होड्या थव्यावर जातात. आणि या हंगामात तुम्ही किंवा तुमचे पाहुणे उजनीवर जाणार असाल तर होडीत बसण्याआधी नावाड्याशी स्पष्ट बोला: दादा, इंजिन लांबच बंद करा, पक्षी जागचे हलले नाहीत तर ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त देऊ.